आपण दरीत राहता : टिटवाळ्याच्या नव्या रहिवाशांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

अभिनंदन. आपण कल्याणच्या पुढे घर घेतलेत. हप्ते सुरू झाले, गॅलरीत तुळस लागली, कसारा लोकलसाठी घरातून किती वाजता निघायचे याचा अंदाज आला. इमारतीच्या कमानीवर सोनेरी अक्षरांत 'व्हॅली' असे लिहिलेले आहे. वास्तुशांतीला आलेले पाहुणे गॅलरीत उभे राहतात, समोरचे टॉवर मोजतात आणि विचारतात, "व्हॅली कुठंय?" यजमान सोसायटीच्या सेक्रेटरीकडे बघतात, सेक्रेटरी पाण्याच्या टाकीकडे. ही नामुष्की टळावी एवढ्याच हेतूने प्रस्तुत मार्गदर्शिका तयार केली आहे. घाईत असलेल्यांसाठी उत्तर इथेच देऊन टाकतो : पाहुणे उभे आहेत तीच. बाकीच्यांनी पुढे वाचावे.

साहित्य

चिखलात गेल्या तरी जिवाला लागणार नाही अशा चपला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, शक्यतो १८५७ ची दुसरी आवृत्ती. ठाणे जिल्ह्याचे १८८२ चे गॅझेटिअर. त्यातली गावांची इंग्रजी स्पेलिंगे वाचताना हसू आवरावे. इमारतीखालच्या जमिनीचा जुना सातबारा. आणि जवळपासच्या जुन्या गावातले एक आजोबा. आजोबा मिळाले तर बाकीचे साहित्य नसले तरी चालते. त्यांना 'अंकल' म्हणू नये, बाबा म्हणावे. पहिल्याच भेटीत गुंठ्याचा भाव विचारू नये. तो विचारला की आपण एजंट ठरतो, आणि मग बाबांना काहीच आठवेनासे होते.

पाठ पहिला : न दिसणारी दरी पाहणे

नवशिक्याच्या डोक्यात दरी म्हटले की माथेरानचा पॉइंट येतो. रेलिंग, माकडे, खाली धुके. शाळेच्या भूगोलाने त्यात दोन आकृत्यांची भर घातलेली असते, एक 'व्ही' आकाराची आणि एक 'यू' आकाराची. पैकी 'यू' आकाराची दरी टिटवाळ्यात शोधू नये. ती हिमनदी कोरते, आणि हिमनदी या बाजूला कधी फिरकलेली नाही. 'व्ही' आकाराची मिळेल, पण त्यासाठी मुरबाडची एसटी पकडून पार माळशेजच्या पायथ्याला जावे लागेल. काळू नदी तिथल्या कड्यांवरून उतरते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून बनलेला हा बेसॉल्टचा डोंगर कोकणाच्या बाजूला एकदम तुटलेला आहे. त्यामुळे पश्चिमेला निघालेल्या नद्यांना दम खायला जागाच नाही. वरून पडायचे, जमेल तेवढे खोल कापायचे आणि खाली आले की पसरायचे.

टिटवाळ्यापर्यंत येईतो काळूची सगळी घाई संपलेली असते. ती आडवी पसरते, वळणे घेते, या काठाची माती काढून त्या काठाला लावते. भातसा तिला येऊन मिळते, दोघी मिळून उल्हासेत जातात, आणि उल्हास कल्याणची खाडी होऊन वसईकडे निघून जाते. एवढ्या पाण्याने घडवलेल्या खोऱ्याचे दोन्ही काठ एका गॅलरीतून दिसावेत ही अपेक्षाच चुकीची. मधे टॉवर आले हे आणखी वेगळे.

तरीही खात्री पटत नसेल तर रेल्वेवर विश्वास ठेवावा. (वेळापत्रकाच्या बाबतीत नव्हे, भूगोलाच्या.) रूळ टाकणाऱ्या इंजिनिअरांना देखाव्याशी कर्तव्य नव्हते, त्यांना फक्त चढ नको होता. म्हणून शक्य तिथवर ते खोऱ्याखोऱ्याने गेले. १८५४ मध्ये ठाण्याहून कल्याण, १८५५ मध्ये कल्याणहून वासिंद, १८६१ मध्ये कसारा. तिथे खोरे संपले, समोर भिंत उभी राहिली, आणि कसाऱ्याहून इगतपुरी गाठायला १८६५ उजाडले. त्या घाटात ३७ फूट पुढे गेले की एक फूट वर जावे लागते. आजही गाडीला मागून जादा इंजिने लावतात ती त्यामुळे. एखाद्या रविवारी दुपारी, खिडकीची जागा मिळेल अशा वेळी, कसाऱ्यापर्यंत जाऊन यावे. आसनगावला डाव्या हाताला माहुलीचे सुळके दिसतात, खर्डीनंतर दोन्हीकडचे डोंगर जवळजवळ येऊ लागतात. परतीच्या प्रवासात ते लांबलांब जातात आणि टिटवाळ्याला दिसेनासे होतात. ते गेलेले नसतात. आपण तळाशी पोचलेलो असतो.

पाठ दुसरा : शब्दसंग्रह

'व्हॅली' या एका शब्दावर ज्याचे भागते त्याला त्या व्हॅलीतून कधी गुरे न्यावी लागलेली नाहीत असे खुशाल समजावे. इकडच्या माणसांना एका शब्दावर भागवता येत नव्हते. कुठून भाताच्या गोणी जातील, कुठून बैल जाईल, कुठून फक्त शेळी जाईल आणि कुठून काहीच जाणार नाही, हे शब्दातच कळायला हवे होते.

दरी म्हणजे जिच्यात पडता येते ती. खोरे म्हणजे एका नदीकडे जिथले जिथले पाणी येते तो सगळा मुलूख, गावे, शेते आणि हल्ली टॉवर धरून. घळ म्हणजे पाण्याने कापलेली चिंचोळी जागा. शिवथरची घळ सर्वांना ठाऊक असते, कारण समर्थांनी दासबोध तिथे सांगितला अशी परंपरा आहे. घळ उभी झाली की नाळ किंवा नळी होते. मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडावर चढणारी 'नळीची वाट' हे तिचे आदर्श उदाहरण. नवशिक्यांनी ते खालूनच पाहावे. सांदण हा शब्द समजायला सांदीकोपरा आठवावा : साम्रदजवळची सांदण दरी म्हणजे डोंगराला गेलेला तडाच, आत काही ठिकाणी ऊन पोचत नाही, आणि तिचे दुसरे तोंड आपल्याच जिल्ह्यात, शहापूरच्या बाजूला उघडते.

खिंडीबद्दल थोडे सविस्तर, कारण तिथे निष्काळजीपणा महागात पडतो. दोन डोंगरांमधली फट, एवढाच तिचा अर्थ. पण 'खिंडीत गाठणे' हा वाक्प्रचार आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. फेब्रुवारी १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन लोणावळ्याच्या बाजूने कुरवंडे घाट उतरला आणि उंबरखिंडीत शिरला. नावातच खिंड होती. पुढून वाट बंद, मागून वाट बंद, दोन्ही अंगांना झाडीत शिवाजी महाराजांची माणसे. फौजेबरोबर असलेल्या सरदारीण रायबागनने खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला आणि खानाने तो ऐकला, म्हणून जीव वाचले. जागेचे नाव आधी वाचावे आणि पाय मग ठेवावा, या नियमाचा खर्च एवढा मोठा दुसऱ्या कोणी भरला असेल असे वाटत नाही.

घाट या शब्दाचे दोन अर्थ आहेत. डोंगर चढायची वाट, आणि नदीत उतरायच्या पायऱ्या. दोन्हीकडे पाय घसरतो, तेव्हा फरक फार मनावर घेऊ नये.

आता घाटावर जाऊ. तिकडे नद्यांना भरपूर वेळ आहे, पूर्वेकडे त्या रमतगमत जातात आणि त्यांची खोरी लांबरुंद असतात. पुण्याच्या पश्चिमेला, सूर्य मावळतो त्या अंगाला, या खोऱ्यांना मावळ म्हणतात. बारा मावळांची यादी पाठ करायची तर नद्याच पाठ कराव्या लागतात : पवनेचे पवन मावळ, आंद्रेचे आंदर मावळ, कानंदीचे कानद, मुठेचे मुठा, मोसेचे मोसे. जुन्नरकडे सरकले की त्याच वस्तूला नेर म्हणतात. मीनेचे मिन्नेर, कुकडीचे कुकडनेर, घोडचे घोडनेर, भीमेचे भीमनेर, भामेचे भामनेर. एवढी सुबक व्यवस्था पाहून नवशिक्या हरखतो आणि इथेच त्याला ताप चढतो. संगमनेर, सिन्नर, पारनेर, अमळनेर, दिसेल त्या नेरात त्याला खोरे दिसू लागते. मग कोणीतरी त्याला सांगतो की यातली काही नावे 'नगर' झिजून झालेली आहेत, जुन्नर म्हणजे जीर्णनगर. दोन्ही पक्षांची मंडळी व्यासंगी आहेत आणि एकमेकांशी बोलत नाहीत. नवशिक्याने या भांडणात पडू नये. गावात जावे आणि नदी पाहावी. संगमनेरला प्रवरा आणि म्हाळुंगीचा संगम समोर वाहताना दिसतो, तेवढे पुरे. मात्र परत येताना नेरळ आणि नेरूळ ही स्थानकेही आपल्या यादीत घालायचा मोह होईल. तो आवरावा.

राहता राहिले 'खोरे' हा शब्दच. मराठीत खोरे म्हणजे फावडेही. म्हणून तर पैसा 'खोऱ्याने' ओढतात. खोऱ्यात खोऱ्याने पैसा ओढणे, हे वाक्य टिटवाळ्यात बांधकामाच्या व्यवसायाची व्याख्या म्हणून वापरता येईल.

पाठ तिसरा : नाव वाचताना होणारे अपघात

पहिला अपघात आपल्या गावापासूनच होतो. टिटवाळा ऐकले की टिटवी ऐकू येते. नदीकाठची ओली माळराने, त्यावर ओरडणारी टिटवी, झाले, निबंध तयार. नियम असा की एखाद्या नावाचा अर्थ ऐकल्याऐकल्या सुचला तर तो खिशात ठेवून घरी जावे आणि महिनाभर कोणाला सांगू नये. दुसरा चांगला अर्थ सुचतो किंवा पहिला विसरला जातो. दोन्ही लाभच.

दुसरा अपघात अधिक गंभीर. आंबिवली, खडवली, निंबवली, वडवली, शिवाय अर्थातच डोंबिवली. एवढ्या वली पाहून नव्या रहिवाशाला वाटते की ही सगळी इंग्रजांच्या काळातली 'व्हॅली'च असणार, आपण नुसते मराठी वळण दिले. तसे नाही. ही वली जुन्या 'पल्ली'ची लेक, पल्ली म्हणजे वस्ती. मागे बहुधा एखादे झाड असते. आंब्याची आंबिवली. आंबी व्हॅली निराळी, ती लोणावळ्याच्या पलीकडे. दोन्हींमधला फरक रिक्षावाल्याला आधी नीट सांगावा.

तिसरा प्रकार परदेशी शिकलेल्यांना होतो. अरबीत वादी म्हणजे दरी, बहुतेक काळ कोरडी. स्पेनमधल्या ग्वादाल्किविर नदीच्या नावातही तीच वादी आहे, मोठी वादी. म्हणून आपली वाडीही दरीच, असा शोध लावू नये. आपली वाडी वाटिकेची. कातकरवाडी, ठाकूरवाडी यांत दरी नसते. असली तर वाडी तिच्या काठावर, पाण्यापासून चार हात वर असते. हे वाडी वसवणाऱ्याला कळत होते.

जर्मन येणाऱ्यांसाठी खास सूचना : कसाऱ्याच्या घाटाचे जुने नाव थळ घाट, आणि जर्मनमध्ये दरीला थाल म्हणतात. निआंडरथाल माणसाचे नाव निआंडर दरीवरून पडले. योगायोग छान आहे, तो तिथेच सोडावा. पण याच थालची दुसरी एक हकिगत मात्र आपल्या कामाची आहे. बोहेमियात योआखिम्सथाल नावाच्या खाणीच्या दरीत सोळाव्या शतकात चांदीची नाणी पाडू लागले. त्यांना थालर म्हणत, आणि त्या थालरचा पुढे डॉलर झाला. म्हणजे जगातले सर्वांत चलनी नाव मुळात एका दरीच्या पत्त्याचा तुकडा आहे. आपल्याकडे हा धंदा त्याच्या कितीतरी आधी सुरू होता. कल्याण बंदरात उतरलेला माल मुरबाडवरून नाणेघाटाने जुन्नरला चढे. सातवाहनांचा शिलालेख तिथल्या लेण्यात आहे, आणि घाटमाथ्यावर जकात टाकायचा म्हणून दगडी रांजण दाखवतात. दरीतून पैसा निघतो हे दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते, इतकेच इथे नोंदवायचे आहे.

पाठ चौथा : नाव कोण ठेवतो

विदर्भात चिखलदरा आहे. नावातला चिखल पाहून पावसाळ्याची कल्पना येते, पण स्थानिक कथा सांगते की भीमाने कीचकाला मारून त्याचे प्रेत दरीत फेकले, म्हणून कीचकदरा, आणि त्याचा चिखलदरा. कथा खरी की चिखल खरा याचा निकाल लावायला जाऊ नये. आपल्या टिटवाळ्यालाही महाभारतातलीच नात्याची माणसे आणून बसवलेली आहेत. कण्व ऋषींचा आश्रम इथे होता आणि महागणपतीची स्थापना शकुंतलेने केली, असे सांगतात. माधवराव पेशव्यांच्या काळात तळ्याचा गाळ काढताना मूर्ती सापडली असेही सांगतात. कालिदासाने हा आश्रम मालिनी नदीकाठी ठेवला आहे. आपल्याकडे काळू आहे. तपशिलात फरक असला तरी मंगळवारच्या गर्दीत काही फरक पडत नाही. या कथेत मला आवडते ती गोष्ट म्हणजे मूर्ती गाळात सापडते. या खोऱ्यात गाळ हे सर्वांत विश्वासार्ह पात्र आहे.

एखाद्या जागेचे नाव बदलायला पूर्वी काहीतरी मोठे घडावे लागे. घोडखिंडीची पावनखिंड व्हायला १६६० च्या जुलैत बाजीप्रभू आणि त्यांचे मावळे पडावे लागले. बाहेरून येऊन नाव ठेवणारेही होते. एव्हरेस्टच्या पायथ्याची बर्फाने भरलेली दरी १९२१ मध्ये गिर्यारोहक मॅलरीने वरून पाहिली आणि तिला वेल्समधला दरीसाठीचा शब्द लावून 'वेस्टर्न कूम' म्हटले. हिमालयात उभे राहून त्याला वेल्सची आठवण आली. आमच्या कमानीवरच्या 'व्हॅली'चीही जात हीच, फरक असा की मॅलरीने निदान दरी पाहून नाव दिले होते. हल्ली आधी नाव छापतात, मग ओहोळात भराव टाकतात, आणि मग त्या भरावावर उभे राहून दरीचे चित्र असलेली पत्रिका वाटतात. पुढे सोसायटीच्या पोराला तो ओहोळ माहीत नसतो. ओहोळाला मात्र आपली वाट माहीत असते.

पाठ पाचवा : सातबारा वाचणे

हा पाठ सर्वांत नीरस आणि एवढाच एक उपयोगी. जुना सातबारा उघडावा. गाव, तालुका, गट किंवा भूमापन क्रमांक हे सगळे लोक वाचतात. त्याच्या जवळच 'शेताचे स्थानिक नाव' असा एक रकाना असतो. तिथे काही लिहिलेले असेल तर आपण भाग्यवान. डोह, ओहोळ, माळ, टेप असले काही ओळखीचे सापडले तर ती आपल्या बेडरूमची खरी जन्मतारीख समजावी. रकाना कोरा असेल तर चपला घालून बाबांकडे जावे.

पुढे जमिनीचा प्रकार पाहावा. खाचर म्हणजे बांध घालून पाणी अडवलेले भाताचे शेत. पाणी तिथे थांबते म्हणूनच खाचर तिथे झाले. वरकस म्हणजे उताराची, हलकी जमीन, नाचणी-वरीची. शेतकऱ्याला खाचर प्यारे, वरकस दुय्यम. फ्लॅट घेणाऱ्याने उलटे धरावे. पोटखराबा म्हणून लिहिलेला तुकडा म्हणजे ज्यावर काही पिकत नव्हते, खडक, नाला, वाट. आपला क्लब हाउस नेमका त्यावर असेल तर क्लब हाउसची वर्गणी वेळेवर भरावी, पंप लागेल. खाडीच्या बाजूला खारेगाव, खारबाव अशा नावांत 'खार' भेटतो, तिथे भरती कुठवर येत होती हे कोणाला विचारायची गरज नाही.

त्यानंतर जलसंपदा खात्याच्या पूररेषा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. नवशिक्यांचा यात एक गोड गैरसमज असतो : पूर आला की पुढची पंचवीस वर्षे सुटी. नदीला हा हिशेब कोणी समजावलेला नाही. २६ जुलै २००५ ज्यांना आठवते त्यांना विचारावे. २७ जुलै २०१९ ला तर उल्हासेने बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस अडवली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावे लागले. रूळ खोऱ्यातून नेल्याचे भाडे अधूनमधून असे द्यावे लागते.

बाबांकडे गेल्यावर प्रश्न साधा विचारावा. "इथं पूर्वी काय म्हणायचे?" एवढाच. ते हाताने दाखवतील, तुमचा पार्किंगचा दुसरा मजला असेल साधारण त्या उंचीवर हात थांबेल. मग चहा येईल. चहा संपल्यावर ते स्वतःहून जमिनीचा भाव सांगतील. तो लिहून घेऊ नये.

सहल

अभ्यासक्रमाच्या शेवटी एक सहल ठेवली आहे. टिटवाळ्याहून फळेगावकडे निघावे. वाटेत रुंदे लागते, तिथे काळूवर पूल आहे. उन्हाळ्यात त्यावरून उतरून नदीच्या पात्रातले खडक, काठाची उभी कापलेली माती, वळणाच्या आतल्या बाजूला साचलेली वाळू, सगळे आरामात पाहता येते. पाठ पहिला तिथे जागेवर समजतो. जोराच्या पावसात मात्र हा पूल पाण्याखाली जातो, दरवर्षी जातो, आणि पलीकडच्या गावांचा रस्ता तुटतो. तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये निघण्यापूर्वी पुलाची चौकशी करावी. पुलावर पाणी असेल तर सहल रद्द समजावी, आणि पाणी घोट्याएवढेच आहे म्हणून मोटारसायकल पुढे घालणाऱ्याला उंबरखिंडीचा परिच्छेद पुन्हा वाचायला द्यावा.